घरच्या डायलिसिसची जबाबदारी: पीडी समन्वयक सिस्टरसाठी सविस्तर उत्तर

प्रश्न सोलापुरातल्या एका रुग्णालयात हिमोडायलिसिस (मशीननं रक्त शुद्ध करण्याच्या) युनिटला बरीच वर्षं काम केलेल्या सिस्टरचा आहे. रुग्णालय आता घरच्या डायलिसिसचा, म्हणजे पोटाच्या डायलिसिसचा (पीडीचा) कार्यक्रम सुरू करतंय आणि त्यांची समन्वयक म्हणून नेमणूक झाली आहे. त्या विचारतात: कॅथेटर (पोटात बसवायची नळी) डॉक्टर घालतील, पाण्याच्या पिशव्या कंपनी पोचवेल, घरी पेशंट स्वतः करेल. मग माझं रोजचं काम नेमकं काय, आणि चुकतं कुठे?

सिस्टर, युनिटमध्ये चूक तुमच्या डोळ्यांदेखत होते. प्रेशर वाढलं की मशीन ओरडतं, पेशंटला घाम फुटला की शेजारचा ब्रदर धावत येतो. पीडीत तसं नाही. दिवसाला ४ एक्सचेंज (पोटातलं जुनं पाणी काढून पिशवीतलं नवं भरणं) धरली तर महिन्याला १२० वेळा एक माणूस आपल्या पोटात जाणारी नळी उघडतो आणि बंद करतो. त्या १२० वेळांत तुम्ही एकदाही तिथे नसता. तुमचं काम त्या न पाहिलेल्या १२० वेळांचं आहे. वहीतल्या आकड्यांवरून, फोनवरच्या दोन वाक्यांवरून आणि घर पाहून आल्यावर जे कळतं त्यावरून तिथे काय घडतंय हे ओळखायचं. कॅथेटर डॉक्टर घालतात हे खरं, पण ते काही वर्षं टिकेल की सहा महिन्यांत काढावं लागेल, यातलं बरंचसं तुमच्या हातात आहे.

सुरुवात कॅथेटरच्या आधी होते. पोटाची जुनी मोठी ऑपरेशनं, हर्निया वगैरे डॉक्टर बघतील. तुम्ही नजर, बोटं आणि घरात दुसरं माणूस कोण आहे ते बघा. मधुमेहानं किडनी गेलेल्यांची नजर बऱ्याचदा अधू असते, बोटांना मुंग्या असतात. रिकामा ट्रान्सफर सेट (कॅथेटरच्या टोकाला जोडायची, क्लॅम्प म्हणजे उघड-बंद करायची कळ असलेली छोटी नळी) ओपीडीतच हातात द्या आणि क्लॅम्प फिरवून, टोपी लावून दाखवायला सांगा. ‘जमेल की सिस्टर’ या उत्तरावर जाऊ नका. आणि प्रत्येक घरात दोन माणसं शिकवायची असा नियमच ठेवा. सून माहेरी गेली, मुलाला पुण्याला काम लागलं, की एकाच माणसावर उभा असलेला डायलिसिस त्याच आठवड्यात बंद पडतो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आणखी एक काम असतं, ते बऱ्याच ठिकाणी राहून जातं: एक्झिट साइटची, म्हणजे नळी कातडीतून बाहेर येते त्या जागेची, खूण. पेशंटला उभं करा, बसवा, वाकायला सांगा, आणि परकराची नाडी, धोतराची गाठ किंवा पँटचा पट्टा नेमका कुठे येतो ते पाहून मार्करनं खूण करा. आडवं झोपवून केलेली खूण उभं राहिल्यावर बरोबर नाडीखाली येते, मग रोज घासून तिथली कातडी लाल होते. खूण अशी हवी की पेशंटला ती मान वाकवून स्वतःला दिसेल. पोट सुटलेल्या माणसात बेंबीच्या खाली केलेली खूण त्याला कधीच दिसत नाही, आणि जी जागा दिसत नाही तिची निगा राहत नाही.

घर बघायला जाताना पिशव्या येण्याआधी जा. इथल्या घरांचे प्रश्न इथलेच आहेत, ते पुस्तकात सापडणार नाहीत. पहिला प्रश्न पाण्याचा. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, ते पिंपात किंवा हौदात साठवलेलं असतं, आणि मग बुडवून काढून वापरतात. हात धुवायला बुडवलेला तांब्या चालत नाही. तोटी असलेला झाकणाचा पिंप फक्त हात धुण्यासाठी वेगळा ठेवायला लावा, आणि तो पाणी आलं की रिकामा करून घासून भरायचा. साबणानं हात धुतल्यावर स्वच्छ, कोरड्या कापडानं किंवा कागदी रुमालानं पूर्ण कोरडे करायचे, आणि त्यानंतर अल्कोहोलचं हँडरब लावून ते सुकेपर्यंत थांबायचं. ओल्या हातानं जंतू अधिक चिकटतात. गळ्यातल्या उपरण्याला, पदराला हात पुसण्याची सवय मोडायला एक दिवस लागत नाही, आठवडा लागतो.

दुसरा प्रश्न धुळीचा. पूर्व भागात घरातच यंत्रमाग असेल तर हवेत कापसाचा फुफाटा असतो, आणि घरी विड्या वळत असतील तर तंबाखूची धूळ. दोन्ही कामांच्या जागेपासून वेगळी खोली किंवा निदान दार लागणारा कोपरा हवा, आणि एक्सचेंजच्या आधी अर्धा तास तिथे झाडलोट नको. मांजर असेल तर त्या वेळेला खोलीबाहेर, अपवाद नाही. नळीला मांजराचे दात लागून पोटात जंतू गेल्याची प्रकरणं वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. पिशवी टांगायला खिळा किंवा हुक पोटापासून साधारण एक मीटर वर आणि निचऱ्याची पिशवी जमिनीवर, म्हणजे दोन्ही दिशेनं पाणी स्वतःच्या वजनानं वाहतं.

तिसरा प्रश्न उन्हाचा. वाऱ्यानं धूळ उघड्या टोकावर येऊ नये म्हणून पंखा बंद हवा, पण एप्रिल-मेमध्ये तो बंद करून अर्धा तास बसणं कोणाला जमणार नाही, आणि जमत नाही म्हणून लोक पंखा चालूच ठेवतात. मग तुम्ही व्यवहारी नियम द्या: पंखा आणि कूलर बंद फक्त जोडताना आणि सोडताना, म्हणजे दोन-तीन मिनिटं. मधल्या निचऱ्यात आणि भरण्यात यंत्रणा बंदिस्त असते, तेव्हा पंखा चालेल. कूलरचा झोत मात्र त्या कोपऱ्यावर नकोच, कारण कूलरच्या साठलेल्या पाण्यात जंतू वाढतात. कपाळाला कापडाची पट्टी बांधायला सांगा, म्हणजे घामाचा थेंब उघड्या टोकावर पडणार नाही. पिशव्यांची खोकी पत्र्याच्या छपराला लागून किंवा उन्हाच्या भिंतीशी ठेवू नयेत, फळीवर किंवा घडवंचीवर, भिंतीपासून हातभर अंतरावर ठेवावीत. उंदीर खोकी कुरतडतात, ते बारीक छिद्र डोळ्याला दिसत नाही. म्हणून प्रत्येक पिशवी लावण्याआधी दाबून बघायची. ओली लागली की फेकायची.

प्रशिक्षण साधारण पाच ते आठ दिवसांचं ठेवा, रोज तीन-चार तास, एका वेळी एकच पेशंट आणि त्याचं माणूस. कॅथेटर घातल्यावर जखम भरायला सुमारे दोन आठवडे द्यावे लागतात. तोवर शिकवणं एप्रनवर लावलेल्या नकली नळीवर चालतं. घाईनं सुरू करायचंच असेल तर डॉक्टरांच्या आदेशानं, कमी पाणी, पेशंट आडवा, आणि तेही युनिटमध्येच.

शिकवताना एक गोष्ट कधी सोडू नका: पेशंट करून दाखवेपर्यंत तुम्ही शिकवलेलं नाही, तुम्ही फक्त सांगितलेलं असतं. आणि त्याच्या भाषेत करून दाखवायचं. पूर्व भागातल्या घरात बऱ्याचदा तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, काही ठिकाणी उर्दू. ‘क्लॅम्प’ला त्या घरात जो शब्द पडेल तोच तुम्हीही फोनवर वापरायचा, नाहीतर रात्री दोन वाजता तुम्ही एक म्हणाल आणि ते दुसरंच उघडतील. वाचता न येणाऱ्यांना रंग शिकवा. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या पिशव्यांत १.५ टक्क्यांची पिवळी, २.५ची हिरवी, ४.२५ची लाल. मात्र कंपनी बदलली तर रंग तेच राहतील असं धरू नका, नवा माल आला की पुन्हा दाखवा.

एक्सचेंजचा क्रम असा बसवा की झोपेतही चुकू नये. पिशवीवरची टक्केवारी, मापं आणि मुदत बघायची, पाणी स्वच्छ आहे ना ते बघायचं. मास्क. हात. ट्रान्सफर सेटची टोपी काढून लगेच ट्विन बॅगच्या (भरलेली आणि रिकामी पिशवी एकत्र जोडलेल्या संचाच्या) वाय-नळीला जोडायची, टोक कशालाही लागू न देता. आधी पोटातलं जुनं पाणी काढायचं, त्याला १५ ते २० मिनिटं लागतात. मग पोटाकडचा क्लॅम्प बंद ठेवून नव्या पिशवीतून थोडं पाणी, पाचपर्यंत मोजून, सरळ निचऱ्याच्या पिशवीत सोडायचं. हे ‘आधी धुवा, मग भरा’ सगळ्यात महत्त्वाचं, कारण जोडताना टोकाशी काही जंतू आला असेल तर तो पोटात जायच्या ऐवजी निचऱ्यात जातो. लोक नेमकं हेच गाळतात, कारण गाळलं तरी त्या वेळी काही होत नाही. मग नवं पाणी भरायचं, साधारण दहा मिनिटं. क्लॅम्प बंद, सोडायचं, आणि नवी टोपी. टोपी एकदाच वापरायची. आतल्या स्पंजातलं आयोडीन एकदा वापरल्यावर संपतं. पैसे वाचवायला टोपी धुऊन पुन्हा लावण्याचा विचार काही घरांत येतो, त्याबद्दल पहिल्याच दिवशी बोला.

पिशवी गरम करण्याचा प्रश्न इथे वर्षातले आठ महिने येत नाही. थंडीत मात्र गार पाणी पोटात गेलं की कळ येते. कोरड्या उष्णतेनं, शेक घ्यायच्या इलेक्ट्रिक पॅडवर, बाहेरचं वेष्टन न काढता गरम करायचं. गरम पाण्याच्या बादलीत पिशवी बुडवायची नाही: जोडाच्या टोकाशी ओल राहते आणि तीच आत जाते. मायक्रोवेव्हमध्ये पाणी सारखं तापत नाही, एखाद्या भागात चटका बसण्याइतकं गरम होतं.

आता वहीबद्दल, कारण तुमचे डोळे तिथेच आहेत. रोजचं वजन, बीपी, प्रत्येक एक्सचेंजला किती टक्क्यांची पिशवी, किती निघालं, रंग कसा, लघवी किती. निघालेलं पाणी मोजण्यात नवे कार्यक्रम हमखास चुकतात. पिशवीवर २ लिटर लिहिलेलं असतं, पण आत त्याहून थोडं जास्त भरलेलं असतं, शिवाय धुवायचं पाणी निचऱ्याच्या पिशवीत जातं. नुसती निचऱ्याची पिशवी मोजली तर प्रत्येक वेळी शंभर-दीडशे मिलिलिटर जास्त निघाल्याचा भास होतो. दिवसाला चार एक्सचेंज धरलं तर ही चूक अर्ध्या लिटरच्या आसपास जाते, आणि पायावर सूज असलेल्या पेशंटच्या वहीत ‘निचरा चांगला’ असं दिसत राहतं.

याला सोपा उपाय आहे. लटकवायचा डिजिटल काटा घ्यायला लावा. ट्विन बॅगचा पूर्ण संच जोडण्याआधी मोजा, एक्सचेंज संपल्यावर भरलेली आणि रिकामी पिशवी मिळून तोच संच पुन्हा मोजा. समजा आधी २.३० किलो आणि नंतर २.६५ किलो. फरक ३५० ग्रॅम, म्हणजे मागच्या ड्वेलमध्ये (पाणी पोटात राहिलं त्या काळात) शरीरातून साधारण ३५० मिलिलिटर पाणी निघालं. प्लास्टिकचं वजन, धुण्याचं पाणी, जास्तीचं भरलेलं, सगळं दोन्ही वेळा तिथेच असतं, म्हणून त्याचा हिशोब आपोआप जुळतो. अट एकच, प्रत्येक वेळी पोटात सारखंच पाणी भरलं जायला हवं. ही रीत शिकायला पाच मिनिटं लागतात आणि वर्षभराच्या वह्या खऱ्या होतात. वजनही तसंच, एकतर नेहमी पोट भरलेलं असताना किंवा नेहमी रिकामं असताना, पण एकच पद्धत ठेवा. दोन्ही मिसळलं की दोन किलो कुठून आले आणि कुठे गेले हे कोणालाच कळत नाही.

पिशवीची टक्केवारी बदलण्याचा अधिकार पेशंटला किती द्यायचा, हे डॉक्टरांकडून लेखी घ्या. वजन वाढलं, पाय सुजले, बीपी चढलं तर एक हिरवी. उलट उन्हाळ्यात घाम इतका जातो की जोरकस पिशव्या चालू राहिल्या तर बीपी पडतं, चक्कर येते आणि उरलेली लघवीही आटते. फेब्रुवारीच्या शेवटी प्रत्येक पेशंटला फोन करून उन्हाळ्याची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घेणं हे तुमच्या वर्षाच्या कॅलेंडरमध्ये असावं. आणि लक्षात असू द्या की पिशवीत साखर असते: २ लिटरच्या २.५ टक्क्यांच्या पिशवीत ५० ग्रॅम डेक्स्ट्रोज, ४.२५च्या पिशवीत ८५ ग्रॅम, आणि त्यातला मोठा भाग पोटातून रक्तात जातो. मधुमेही पेशंटची साखर चढली की ‘काय खाल्लं’ विचारण्याआधी वहीत कोणती पिशवी लागली ते बघा.

लांबच्या ड्वेलसाठी आयकोडेक्स्ट्रिन (डेक्स्ट्रोजऐवजी मोठ्या रेणूची साखर असलेलं पाणी) दिलेलं असेल तर ग्लुकोमीटर तपासलाच पाहिजे. जीडीएच-पीक्यूक्यू पद्धतीच्या पट्ट्या त्यातून तयार होणाऱ्या माल्टोजला साखरच समजतात आणि आकडा खोटा, जास्त दाखवतात. त्या आकड्यावर इन्सुलिन दिलं तर पेशंट हायपोमध्ये जातो (साखर धोकादायक कमी होते) आणि मीटर मात्र साखर छान आहे असंच सांगत राहतो. औषध बंद केल्यावरही दोनेक आठवडे हा धोका असतो. पेशंटच्या मीटरच्या पट्टीची डबी मागवून वाचा, आणि त्याच्या कार्डावर मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे दुसऱ्या दवाखान्यात भरती झाला तरी तिथल्या सिस्टरला कळेल.

गढूळ पाण्याचा फोन येईल तेव्हा काय करायचं हे आधीच ठरलेलं हवं. पेशंटला शिकवा: निघालेल्या पिशवीखाली छापील मजकूर ठेवून बघायचा, अक्षरं पुसट दिसली तर गढूळ. पोट दुखो न दुखो, ताप असो नसो, फोन त्याच क्षणी. सकाळची वाट बघायची नाही. गढूळ पिशवी फेकायची नाही, ती घेऊन यायची. फोनवर पाच प्रश्न पुरतात: पाणी कसं दिसतं, पोट दुखतं का, ताप-थंडी वाजते का, किती निघालं, शौचाला शेवटचं कधी झालं.

नमुना किमान दोन तास पोटात राहिलेल्या पाण्याचा असावा. पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरला १०० पेक्षा जास्त आणि त्यात निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल असतील तर पेरिटोनायटिस (पोटाच्या आतल्या आवरणाचा जंतुसंसर्ग) धरतात. गढूळ पाणी किंवा दुखणं, पेशींची संख्या, आणि कल्चर, या तिन्हींपैकी दोन जुळले की निदान पक्कं. कल्चर साध्या डबीत पाठवू नका. रक्ताच्या कल्चरच्या बाटल्यांत, एरोबिक आणि अनएरोबिक दोन्हीत, प्रत्येकी ५ ते १० मिलिलिटर तिथल्या तिथे भरा आणि शक्य तितक्या लवकर, सहा तासांच्या आत, लॅबला पोचवा. लॅबच्या स्लिपवर ‘बॉडी फ्लुइड’ एवढंच लिहून दिलं तर लॅब स्वतःच्या अंदाजानं चालते, म्हणून ‘पीडी फ्लुइड, पेशींची संख्या, डिफरन्शियल, ग्रॅम स्टेन, कल्चर’ असं स्पष्ट लिहा. अहवाल यायची वाट न बघता डॉक्टरांच्या आदेशानं पोटातून अँटिबायोटिक सुरू होतं. पिशवीत औषध घालताना इंजेक्शनचा पोर्ट अल्कोहोलनं, क्लोरहेक्सिडिननं किंवा पोव्हिडोननं पाच मिनिटं भिजू द्या. व्हॅन्कोमायसिन आणि सेफ्टाझिडिम एका पिशवीत चालतात पण एका सिरिंजमध्ये मिसळायची नाहीत. अमायनोग्लायकोसाइड आणि पेनिसिलिन गटातली औषधं एकाच एक्सचेंजमध्ये एकत्र नकोत. अँटिबायोटिकच्या कोर्सबरोबर बुरशीसाठीचं प्रतिबंधक औषध चालू झालं का ते विचारा. बुरशीचा पेरिटोनायटिस झाला की कॅथेटर काढावंच लागतं. योग्य औषधाला पाच दिवस होऊनही पाणी निवळत नसेल तर कॅथेटर वाचवण्याच्या हट्टात पेशंटचं पोट गमावू नका, डॉक्टरांना तेव्हाच बोलवा.

दूरच्या तालुक्यातले पेशंट, करमाळा, माळशिरस, सांगोला, हे दोन-तीन तासांच्या अंतरावर असतात. त्यांच्यासाठी त्या गावातला एक दवाखाना आधीच बोलून ठेवा, आणि त्या डॉक्टरांसाठी एका पानाचं कार्ड पेशंटजवळ द्या. त्यात लिहा: नमुना कसा घ्यायचा, कोणाला फोन करायचा, आणि काय देऊ नये. पोटदुखी म्हणून डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन दिलं जातं, त्यात पेशंटची उरलेली लघवी कमी होते. दिवसाला पाव-अर्धा लिटर लघवी शिल्लक असणं हे पीडीच्या पेशंटचं मोठं भांडवल आहे, ते जपण्यासाठी हे कार्ड लागतं.

गढूळ पाणी म्हणजे नेहमी जंतूच असंही नाही. पाळीच्या सुमारास बायकांच्या पाण्यात थोडं लालसर येतं, ते बहुतेकदा निघून जातं. बीपीच्या काही गोळ्यांनी पाणी दुधासारखं होतं आणि पेशी मात्र नेहमीइतक्याच असतात. पण हे ठरवायचं नमुना पाहून. फोनवरून नाही.

पाणी निघत नाही, हा दुसरा नेहमीचा फोन. आत जातं पण बाहेर येत नाही, असं असेल तर पहिलं कारण बद्धकोष्ठ. भरलेलं आतडं कॅथेटरच्या टोकाला बाजूला ढकलतं. शौचाला साफ होईपर्यंत एक्स-रे काढायची घाई नको. लॅक्ट्युलोज किंवा डॉक्टर देतील ते रेचक, पण फॉस्फेटचा एनिमा आणि मॅग्नेशियमची औषधं या पेशंटना देऊ नयेत. ज्यांना हाडांसाठी कॅल्शियमच्या किंवा रक्तासाठी लोहाच्या गोळ्या आहेत त्यांना बद्धकोष्ठ होणारच असं समजून रेचक आधीपासून चालू ठेवा. आत-बाहेर दोन्ही अडलं असेल तर नळीला पीळ, क्लॅम्प बंद राहिलेला, किंवा पट्टीखाली दुमडलेली नळी बघा. पाण्यात पांढरे धागे दिसले तर ते फायब्रिन (गोठलेल्या प्रथिनाचे धागे), त्यासाठी डॉक्टर हेपरिन लिटरला ५०० युनिटच्या आसपास घालायला सांगतात. शौच साफ होऊनही निघत नसेल तेव्हा एक्स-रे. निघणं एकदम कमी झालं आणि धाप लागते, विशेषतः उजव्या बाजूला श्वासाचा आवाज कमी, तर पाणी छातीत गेलेलं असू शकतं. तेव्हा पोट रिकामं करायला लावा आणि पेशंटला लगेच बोलवा.

हात लागला, टोक गादीला टेकलं, टोपी पडली, असा फोन आला तर पहिला प्रश्न एकच: क्लॅम्प उघडा होता की बंद? बंद असताना टोक लागलं तर नवी टोपी लावून यायचं, ट्रान्सफर सेट बदलायचा. उघडा होता किंवा त्यानंतर पाणी आत भरलं गेलं, तर सेट बदलण्याबरोबर प्रतिबंधक अँटिबायोटिकही लागतं, नमुना घेऊन. एरवी ट्रान्सफर सेट सहा महिन्यांनी बदलतात. त्या तारखा वहीत नाही, तुमच्या भिंतीवरच्या फळ्यावर हव्यात. फोन करायला लोक घाबरतात, कारण चूक झाली की सिस्टर ओरडतील असं वाटतं. पहिल्या फोनला तुम्ही ज्या आवाजात बोलाल त्यावर पुढचे फोन येतील की नाही हे ठरतं.

एक्झिट साइटला रोज मुपिरोसिनचं (जंतुनाशक) मलम, नळी हलणार नाही अशी चिकटपट्टी किंवा पट्टा. ऑपरेशननंतरची पहिली पट्टी साधारण आठवडाभर उघडू नये. पू दिसला तर ते इन्फेक्शनच, नुसती लाली असेल तर फोटो आणि भेट. पाण्यात बुडून अंघोळ नाही, विहीर नाही, हौद नाही. आषाढीला पंढरपूरला जाणारे पेशंट चंद्रभागेत स्नान करायचं म्हणतील. दर्शनाला खुशाल जा, स्नान नको, पाय धुतले तरी पुष्कळ, असं वारीच्या आधीच्या भेटीत सांगा, चुलत-मावस सगळ्यांसमोर. आणि त्याच भेटीत विचारा की वारीत पिशव्या कोण नेणार, कुठे बसून एक्सचेंज करणार.

पिशव्यांच्या साठ्याबद्दल थोडक्यात. दिवसाला चार, म्हणजे महिन्याला १२० पिशव्या, २५० किलोहून जास्त वजन. तिसऱ्या मजल्यावरच्या दीड खोलीत ते मावत नाही. दोन हप्त्यांत माल मागवा, आणि दहा-पंधरा दिवसांचा साठा नेहमी घरात राहील असं बघा. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरकडचे रस्ते भरलेले असतात, भीमा-सीनेच्या पुरात गावं तुटतात, तेव्हा माल आधी पोचवलेला हवा. निचऱ्याच्या पिशव्यांतलं पाणी संडासात ओतायचं. रिकामं प्लास्टिक घरी जाळू द्यायचं नाही, वेगळं बांधून ठेवायला सांगा आणि युनिटच्या जैववैद्यकीय कचऱ्यात ते परत घेण्याची सोय करा.

आहार सांगताना युनिटची सवय विसरा. हिमोडायलिसिसच्या पेशंटला तुम्ही फळं, टोमॅटो, शहाळं बंद सांगत होता. पीडीत पोटॅशियम रोज निघून जातं आणि बऱ्याच पेशंटमध्ये ते कमी होतं. पोटॅशियम कमी राहिलं की आतडं मंदावतं आणि पेरिटोनायटिसचा धोकाही वाढतो. प्रथिनं पाण्याबरोबर जातात, म्हणून किलोला १ ते १.२ ग्रॅम: अंडी, डाळ, चिकन, दही. शेंगा चटणीत फॉस्फरस आणि मीठ दोन्ही, म्हणून ती चमचाभर.

सुरू झाल्यावर चार ते आठ आठवड्यांनी पीईटी (पोटाच्या आवरणातून पाणी आणि कचरा किती वेगानं जातो ते बघणारी चाचणी) करा. रात्रीचं पाणी पूर्ण काढून २.५ टक्क्यांची २ लिटर पिशवी दहा मिनिटांत भरायची, भरताना पेशंटला कुशी बदलायला लावायचं, ०, २ आणि ४ तासांनी पाण्याचे नमुने आणि २ तासांनी रक्त. चौथ्या तासाला पाण्यातलं क्रिएटिनिन रक्तातल्याच्या ०.८१ पटीहून जास्त असेल तर तो जलद वाहक. त्याला लांब ड्वेलमध्ये पाणी निघत नाही, उलट शोषलं जातं, आणि चारही पिशव्या हिरव्या लावूनही सूज उतरत नाही. पाण्यातली साखर काही लॅबच्या क्रिएटिनिन मोजणीत भर घालते, तेव्हा लॅबकडून दुरुस्तीचा आकडा मागून घ्या. पेरिटोनायटिसनंतर महिनाभर ही चाचणी करू नका.

पैशाची बाब कॅथेटरच्या आधी मिटवा. आताची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावानं सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होता, त्यामुळे इथले लोक ‘कार्डावर होईल’ असं गृहीत धरूनच येतात. पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ साली हिमोडायलिसिसपासून सुरू झाला, पीडीसाठीच्या मार्गदर्शक सूचना २०१९ साली आल्या. दर महिन्याच्या पिशव्यांचा खर्च नक्की कोण देणार हे आरोग्यमित्राकडून (योजनेच्या रुग्णालयातल्या प्रतिनिधीकडून) लेखी घेतल्याशिवाय ऑपरेशनची तारीख देऊ नका. पिशव्या न परवडल्यामुळे चारची तीन, तीनची दोन करणारा पेशंट तुम्हाला वहीत सापडत नाही, कारण तो न केलेलं एक्सचेंजही लिहून ठेवतो. मालाच्या पावत्या आणि वही महिन्याला जुळवून बघा. महिन्यात १२० एक्सचेंज लिहिलेली आहेत आणि पिशव्या ९०च आल्या आहेत, तर घरी जाऊन शांतपणे बोला.

कार्यक्रम कसा चाललाय हे पेरिटोनायटिसच्या दरावरून कळतं. वर्षातली एकूण प्रकरणं भागिले पेशंटनी पीडीवर काढलेली एकूण वर्षं. आंतरराष्ट्रीय पेरिटोनियल डायलिसिस सोसायटीच्या २०२२च्या मार्गदर्शनात हा दर ०.४० पेक्षा जास्त नसावा असं आहे. सरासरी १८ पेशंट वर्षभर असतील तर सातपर्यंत प्रकरणं. कल्चर निगेटिव्ह प्रकरणं १५ टक्क्यांच्या आत हवीत. त्याहून जास्त असतील तर दोष बहुधा नमुना घेण्यात किंवा लॅबला पोचवण्यात असतो, पेशंटमध्ये नाही. प्रत्येक प्रकरणानंतर पेशंटला युनिटमध्ये बोलावून एक्सचेंज करून दाखवायला लावा आणि स्वतः काही न बोलता बघा. त्वचेवरचा जंतू निघाला तर हात आणि जोडणी बघा, आतड्यातला निघाला तर बद्धकोष्ठ आणि पोट बघा. दीर्घ भरतीनंतरही पुन्हा शिकवा, आणि तसंही वर्षातून एकदा.

एका पूर्णवेळ सिस्टरकडे वीसच्या आसपास पेशंट झाले की दुसरी व्यक्ती मागा. रात्रीचा फोन एकाच माणसाकडे राहिला तर ती सुट्टीवर गेल्या दिवशीच गढूळ पाण्याचा फोन येतो आणि कोणी उचलत नाही. दोन नंबर, आणि दोघींना सगळ्या घरांची माहिती.

घरातल्या माणसाचं थकणं फोनवर कळत नाही, ते तुम्हालाच विचारावं लागेल. दोन-तीन वर्षं रोज चार वेळा हे करणारी बायको किंवा सून एक दिवस मास्क सोडते, धुण्याचं पाणी सोडणं सोडते, वहीत एकसारखे आकडे येऊ लागतात: रोज ३००, ३००, ३००. असे आकडे दिसले की पेशंटची तब्येत विचारण्याआधी तिची विचारा. आठवडाभर युनिटमध्ये हिमोडायलिसिसवर घेऊन तिला माहेरी जाता येईल का ते डॉक्टरांशी बोला. त्यासाठी प्रत्येक पेशंटच्या एका हाताची शीर सुया न टोचता राखलेली हवी, हिपॅटायटिस बीची लस ४० मायक्रोग्रॅमच्या चार डोसांत, ०, १, २ आणि ६ महिन्यांनी पूर्ण झालेली हवी, आणि कोणत्या युनिटला जागा मिळेल हे फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलेलं हवं.